‘किरकोळ कारणावरून’: बाईचं म्हणणं सरकारी कागदावर कुठे हरवतं?

विचारणा थोडक्यात अशी आहे: ‘तालुक्याच्या ठिकाणी महिलांच्या तक्रारींचं काम नव्यानं सुरू केलं आहे. पोलीस, डॉक्टर, समुपदेशक यांच्यापैकी कुणी बाईला गप्प बस म्हणत नाही, उलट बरेचजण सहानुभूतीनं बोलतात. तरी काही महिन्यांत तक्रारी विरून जातात. हे कसं होतं आणि आम्ही नेमकं कुठे लक्ष ठेवायचं?’

लक्ष कागदावर ठेवा. बाईला गप्प करायला दरडावण्याची गरज नसते. तिचं म्हणणं ठरीव सरकारी मराठीत उतरवलं की काम झालं. पुढे प्रत्येकजण त्या कागदालाच विचारतो: वरिष्ठ अधिकारी, सरकारी वकील, जामिनाचा न्यायाधीश, पत्रकार, मंत्री. ती स्वतः कोर्टात उभी राहते तेव्हा बऱ्याचदा काही वर्षं उलटलेली असतात. त्या वेळी तिची साक्ष तिच्याच नावावरच्या, पण तिच्या शब्दांत नसलेल्या कागदाशी ताडून पाहिली जाते.

एक नमुना घेऊ. बाई ठाण्यात सांगते: ‘गुरुवारी रात्री नवऱ्यानं गॅसवर तापवलेलं उलथणं माझ्या डाव्या दंडाला लावलं. सासू दारात उभी होती, म्हणाली, आवाज बाहेर जाऊ देऊ नको. मग त्यानं माझा मोबाईल काढून घेतला आणि बाहेरून कडी लावली. सकाळी दूधवाल्यानं कडी काढली.’ कागदावर येतं ते असं: ‘यातील अर्जदार हिस लग्नानंतर काही दिवस चांगले नांदविले. त्यानंतर पती व सासरचे लोकांनी किरकोळ कारणावरून शिवीगाळ, दमदाटी करून शारीरिक व मानसिक त्रास दिला.’

या दुसऱ्या वाक्यात खोटं काही नाही. म्हणूनच बाई सही करते. पण काय गेलं ते पाहा. वार आणि वेळ गेली. उलथणं गेलं, दंडावरचा डाग गेला. सासूचं वाक्य गेलं, त्याबरोबर सासूचा नेमका सहभागही गेला आणि उरले ते नुसते ‘सासरचे लोक’. कडी गेली, दूधवाला गेला, म्हणजे एकमेव त्रयस्थ साक्षीदार गेला.

याचा कायद्यावर थेट परिणाम होतो. तापलेल्या वस्तूनं दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खालचा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा. कोंडून ठेवणं हे कलम १२७(२), तेही दखलपात्र. नवऱ्याची आणि सासरची क्रूरता कलम ८५ मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या ४९८-अ मध्ये येते. पण ‘शिवीगाळ, दमदाटी, मारहाण’ एवढंच उरलं की कलम ११५(२), ३५१(२), ३५२ लागतात (जुनी ३२३, ५०६, ५०४) आणि तक्रार अदखलपात्र होते. ठाण्यातल्या बोलीत ‘एनसी घेतली’. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय एनसीचा तपास होत नाही. बाईच्या हातात एक पावती येते, ‘कोर्टात दाद मागावी’ अशी समज मिळते आणि तिला वाटतं तक्रार झाली.

गुन्हा नोंदला गेला तरी हे ठरीव वाक्य पाठ सोडत नाही. सासरची मंडळी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जातात आणि म्हणतात, आरोप मोघम आहेत, कोणी कधी काय केलं याचा पत्ता नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात याच कारणावरून, म्हणजे सर्वसाधारण आणि सरसकट आरोप आहेत म्हणून, सासरच्या लोकांवरचा गुन्हा रद्द केला. त्या निकालातला कायद्याचा मुद्दा चूक म्हणता येणार नाही. पण मोघमपणा अनेकदा बाईच्या तोंडचा नसून लेखनिकाच्या साच्याचा असतो, आणि त्याची किंमत तिला मोजावी लागते. मोघम लिहायचं यंत्रणेनं, आणि मोघम म्हणून फेटाळायचंही यंत्रणेनंच.

म्हणून पहिलं काम ठाण्यात जायच्या आधीचं. तिला सांगू द्या आणि तिच्याच शब्दांत कागदावर घ्या. फार तर दोन पानं. एकेका प्रसंगाला एकेक परिच्छेद, आणि तीन-चार ठळक प्रसंग पुरेत: शेवटचा, सगळ्यात गंभीर, पहिला, आणि ज्याला साक्षीदार आहे तो. प्रत्येक वाक्याला कर्ता हवा. मराठीत कर्ता गाळणं फार सोपं आहे: ‘भाजलं’, ‘लागलं’, ‘पडले’, ‘वाद झाला’. ‘त्यानं भाजलं’, ‘त्यानं ढकललं’ असं लिहा. नेमकी तारीख आठवत नसेल तर खूण लिहा: पोळ्याच्या आदल्या दिवशी, धाकटीच्या बारशानंतरच्या आठवड्यात. अंदाजानं तारीख ठोकू नका, उलटतपासणीत तीच अंगावर येते. शिव्या जशा दिल्या तशा लिहा. ‘अश्लील शिवीगाळ’ या दोन शब्दांत धमकीही दडते आणि जातीवरून केलेला अपमानही. बाई अनुसूचित जाती-जमातीतली असेल, आरोपी त्या समाजातला नसेल आणि अपमान जातीच्या नावानं झाला असेल, तर तो शब्द कागदावर नसणं म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याचं कलमच नसणं. त्या कायद्याच्या कलम ४ नुसार तोंडी माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती वाचून दाखवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे आणि कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ही दोन कलमं तोंडपाठ ठेवा.

या निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव घ्या. फिर्याद टाइप होत असताना शेजारी बसा. ‘किरकोळ कारणावरून’ आलं की तिथेच थांबवा आणि कारण सांगा: माहेरहून पैसे आणले नाहीत म्हणून, मुलगी झाली म्हणून, नोकरी सोडली नाही म्हणून. कारण किरकोळ की गंभीर हा अभिप्राय आहे आणि फिर्यादीत अभिप्रायाचं काम नाही. दुरुस्ती होत नसेल तर वाद वाढवू नका. सहीच्या वर तिच्या हातानं एक ओळ घाला: ‘माझे सविस्तर लेखी निवेदन आज दिले आहे, ते सोबत जोडावे.’ ही ओळ पुढे अनेक पेच सोडवते.

इथे नवे कार्यकर्ते हमखास एका गोष्टीत फसतात. ‘राहिलं ते पुरवणी जबाबात घेऊ’ असं सांगितलं जातं आणि ते मान्य केलं जातं. फिर्यादीवर तिची सही असते. तपासातल्या जबाबावर, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १८० खालच्या जबाबावर, कायद्यानंच सही घेतली जात नाही. तो तिला वाचून दाखवला का, तिनं तसंच सांगितलं का, याचा पुरावा तिच्या हाती राहत नाही. शिवाय फिर्यादीत नसलेली महत्त्वाची गोष्ट नंतर आली की बचाव पक्ष तिला ‘ओमिशन’, म्हणजे आधी गाळलेली गोष्ट, म्हणतो आणि ‘मागाहून रचलेली’ ठरवायला बघतो. त्यामुळे मुख्य गोष्ट पहिल्याच दिवशी फिर्यादीत हवी. बलात्कार आणि इतर लैंगिक गुन्ह्यांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कलम १८३ खाली जबाब होतो, तिथे ती आपलं म्हणणं पूर्ण सांगू शकते. त्यासाठी तिला आधी तयार करा. तयार करा म्हणजे पढवू नका. घडलं ते क्रमानं आठवायला वेळ द्या, एवढंच.

उशीर हा दुसरा सापळा. एफआयआरच्या छापील नमुन्यात उशिराच्या कारणाचा रकाना असतो. तो बहुधा कोरा राहतो किंवा तिथे ‘निरंक’ येतं. चार दिवसांनी आलेल्या बाईच्या कागदावर ‘निरंक’ म्हणजे उशिराला कारणच नव्हतं असा अर्थ बचावाचा वकील काढणार. लैंगिक गुन्ह्यांत बाई आणि तिचं घर लगेच पुढे येत नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या गुरमित सिंग निकालात स्पष्ट मान्य केली आहे. पण न्यायालय समजून घ्यायला तयार असलं तरी समजून घेण्याजोगं काही कागदावर हवं ना? ‘मोबाईल काढून घेतला होता, माहेरी पोचल्यावर आईला सांगितलं, दुसऱ्या दिवशी आलो’ एवढंही पुरतं.

आता ‘चौकशी’. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालानं २०१३ मध्ये दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर नोंदवणं बंधनकारक केलं, पण वैवाहिक आणि कौटुंबिक वादांत प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. या फटीतून सगळा गाडा जातो. दंडावरचा चटका ‘कौटुंबिक वाद’ झाला की त्याचा ‘अर्ज’ होतो, अर्जाची ‘चौकशी’ होते आणि नवऱ्याला ‘गैरअर्जदार’ म्हणतात. आरोपी हा शब्द कुठेच येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची तरतूद आली आहे. न्याय संहितेचं कलम ८५ आणि विनयभंगाचं कलम ७४ दोन्ही त्या पट्ट्यात बसतात. मात्र त्यासाठी पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. तेव्हा विचारायचं ते एवढंच: परवानगी कोणत्या तारखेची आहे? स्टेशन डायरीत नोंद कोणत्या क्रमांकाची? चौकशीअंती प्रकरण बंद केलं तर कारणांसह नोंदीची प्रत तक्रारदाराला आठवड्याच्या आत द्यायची, हेही ललिता कुमारी निकालातच आहे. सौम्यपणे पण लेखी विचारा. ठाण्यात नोंद घेतच नसतील तर कलम १७३(४) खाली लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. बलात्कारासह काही ठरावीक गुन्ह्यांत माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. हे कलम धमकी म्हणून वापरू नका, अर्जाच्या तळाशी एका ओळीत उल्लेख करा. त्याचा परिणाम जास्त होतो.

समुपदेशन कक्षांची भाषा गोड असते, म्हणून ती ओळखायला जास्त कठीण. ‘उभयतांना समज देण्यात आली.’ ‘गैरसमज दूर झाले.’ ‘अर्जदार स्वखुशीने नांदावयास तयार असून तिची कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही.’ पहिल्या वाक्यात मारणारा आणि मार खाणारी एका पातळीवर आली. दुसऱ्यात मारहाण हा गैरसमज झाला. तिसरं वाक्य तर कमालीचं घातक आहे: सहा महिन्यांनी पुन्हा मारहाण झाली की हाच कागद ‘पूर्वी काही त्रास नव्हता’ याचा पुरावा म्हणून समोर येतो. वर्षअखेरीला मात्र अशा कागदांची गणती ‘इतके संसार पुन्हा जुळवले’ अशी होते. बाई परत गेली एवढंच त्या आकड्यात मोजलेलं असतं. परत गेल्यावर काय झालं, याला त्यात रकाना नसतो.

सगळे कक्ष असे नाहीत, हेही सांगायला हवं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ पासून मुंबई पोलिसांबरोबर उभा केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, किंवा वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र, यांनी हिंसा थांबणं हे उद्दिष्ट धरून काम करायची पद्धत रुजवली. फरक कागदातही दिसतो: तिथे आधी बाईशी एकटीशी बोलतात, जोडीनं नंतर.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे २००६ चे नियम या बाबतीत फार उपयोगी आहेत आणि फार कमी वाचले जातात. नियम १४ सांगतो की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करायची प्रतिवादीला मुभा नाही आणि हे त्याला बैठक सुरू होण्यापूर्वीच सांगायचं आहे. म्हणजे ‘तिनं उलट उत्तर दिलं म्हणून’ हे वाक्य त्या खोलीत कायद्यानंच बाद आहे. हा नियम छापून बैठकीच्या टेबलावर ठेवा. याच नियमांतला घरगुती घटनेच्या अहवालाचा नमुना १ पाहा. त्यात तारीख, वेळ, ठिकाण यांच्याबरोबर हिंसा कोणी केली याचा वेगळा रकाना आहे. सरकारी नमुन्यानंच कर्ता मागितलेला आहे! या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून हा अहवाल भरून घेतला की तो पुढे ठाण्यातल्या मोघम कागदाला उत्तर ठरतो.

आणि बाईला खरंच परत जायचं असेल, तर? जाते, बऱ्याचजणी जातात, आणि तो निर्णय तिचा. तेव्हा कागद असा करा: कोणत्या तारखेला काय झालं हे नवऱ्यानं मान्य केलं, तो काय करणार नाही, तिचा मोबाईल आणि कागदपत्रं तिच्याकडे राहतील, पंधरा दिवसांनी, महिन्यानं आणि तीन महिन्यांनी ती एकटी येऊन भेटेल. ‘तक्रार नाही’ ऐवजी ‘सध्या पुढील कारवाई नको, माझे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून’ असं लिहा. दोन्ही वाक्यं लिहायला तेवढाच वेळ लागतो.

दवाखान्यातला कागद वेगळ्या तऱ्हेनं गप्प करतो. भाजलेली बाई आणली जाते, नवरा खाटेशी उभा असतो आणि केसपेपरवर येतं: ‘स्वयंपाक करताना भाजली.’ हे कोणी सांगितलं ते लिहिलेलं नसतं. डॉक्टरांना एवढीच विनंती करा की माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहावं आणि नातेवाईक बाहेर असताना तिला पुन्हा विचारावं.

लैंगिक अत्याचाराच्या तपासणीत ‘संभोगाची सवय आहे’ हा शेरा वर्षानुवर्षं लिहिला गेला, दोन बोटांच्या चाचणीच्या आधारावर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही चाचणी बाद केली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी तिच्या अशास्त्रीयतेवर सातत्यानं काम केलं. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं, ही चाचणी करणारा गैरवर्तनाला जबाबदार राहील असं सांगितलं. आता तो शेरा कमी दिसतो. त्याची जागा घेणारं वाक्य मात्र जोरात आहे: ‘बळजबरीच्या खुणा आढळल्या नाहीत.’ तपासणी साठ तासांनी झाली, मधे तिनं आंघोळ केली, कपडे धुतले, हे त्या वाक्यात नसतं. हवं ते मत असं: ‘घटनेनंतर साठ तासांनी तपासणी. दरम्यान आंघोळ व कपडे धुणे झाले आहे. इजा किंवा वीर्य न आढळणे यावरून अत्याचार झाला नाही असे म्हणता येत नाही.’ २०१४ च्या सूचना नेमकं हेच सांगतात. नमुने ९६ तासांपर्यंत घ्यावेत, आधी पोलिसांचं पत्र आणा म्हणून परत पाठवू नये आणि अहवालाची प्रत तिला मोफत द्यावी, हेही त्यात आहे.

खुणा नाहीत म्हणजे संमती, या समजुतीचा सगळ्यात ठळक दाखला महाराष्ट्रातलाच. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. सत्र न्यायालयानं तिला धडधडीत खोटारडी ठरवलं. नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात ती फिरवली: अंगावर जखमा नाहीत, सबब तिनं प्रतिकार केल्याचं म्हणणं खोटं, आणि सगळा प्रकार शांततेत झालेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज न्याय संहितेच्या कलम ६३ च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की बाईनं शारीरिक प्रतिकार केला नाही, केवळ एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही.

तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात स्वारगेट आगारात उभ्या बसमध्ये अत्याचार झाला, तेव्हा राज्याच्या गृह राज्यमंत्र्यांनी माध्यमांपुढे सांगितलं की झटापट वगैरे झाली नाही, प्रकार शांततेत झाला, म्हणून आसपासच्यांना कळलं नाही. टीका झाल्यावर, माहिती पोलिसांनी दिली होती असा खुलासा आला. तो खुलासा खरा मानून चालू. मग तो जास्तच बोलका ठरतो: ठाण्यातल्या कुणाच्या तरी तोंडचं वाक्य दोन दिवसांत मंत्र्यांच्या तोंडी आलं, आणि खटला उभा राहण्याआधी बचावाचा मुद्दा सरकारी मुखातून जाहीर झाला. ‘मला धमकावलं होतं, मी घाबरून गेले होते’ हे सांगायची वेळ त्या बाईवर आली, तेही उत्तरादाखल.

पोलिसांच्या प्रेसनोटही याच मार्गानं जातात. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’, ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला’. मेलेल्या बाईचं चारित्र्य मथळ्यात येतं, कारण आरोपीनं चौकशीत ते कारण सांगितलेलं असतं आणि वाक्यात ते ‘आरोपीच्या म्हणण्यानुसार’ न राहता वस्तुस्थिती होऊन बसतं. प्रेसनोट काढणाऱ्या अधिकाऱ्याशी ओळख असेल तर एवढंच सुचवा: कृत्य आणि कलम लिहा, हेतू आरोपपत्रासाठी ठेवा. पीडितेची ओळख लपवण्याच्या, न्याय संहितेतल्या कलम ७२ चं पालनही नुसतं नाव गाळून होत नाही. गाव, बापाचा धंदा, शाळेची इयत्ता छापली की गावाला सगळं कळतं.

हेतूचा एक शब्द किती खाऊन टाकतो, हे भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीनं दाखवलं. २९ सप्टेंबर २००६ ला तिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्यांतल्या दोघी मायलेकी. २००८ च्या सत्र न्यायालयाच्या आणि २०१० च्या उच्च न्यायालयाच्या निकालांत खून सिद्ध झाले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही आणि त्या दोघींवरच्या लैंगिक हिंसेबद्दल कुणाला शिक्षा झाली नाही. घटनेची चौकट ‘सूड’ अशी ठरली. सूड म्हटलं की दोन बाजूंचं भांडण होतं, आणि भांडणात जात दिसत नाही, बाईचं शरीरही दिसत नाही.

न्यायालयांच्या भाषेत सुधारणा झाली आहे, आणि ती अर्जात वापरायला हवी. मध्य प्रदेशात २०२० मध्ये विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली गेली की त्यानं रक्षाबंधनाला मिठाई घेऊन तक्रारदार बाईकडे जावं, राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून अकरा हजार रुपये द्यावेत. ज्यानं घरात घुसून हात धरला त्याला एका आदेशानं भाऊ केलं! सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मार्च २०२१ च्या अपर्णा भट निकालानं ही अट रद्द झाली, आणि तडजोड किंवा लग्न सुचवू नये, बाईच्या कपड्यांवर, वागण्यावर शेरे मारू नयेत, असे निर्देश सगळ्या न्यायालयांना मिळाले. त्याच वर्षी जानेवारीत नागपूर खंडपीठानं कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोतला, म्हणजे बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यातला, लैंगिक हल्ला नाही असं म्हटलं होतं. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. जामिनाच्या सुनावणीत तक्रारदाराच्या वतीनं लेखी म्हणणं देताना अपर्णा भट निकालाची प्रत जोडाच. उलटतपासणीत पूर्वीच्या संबंधांविषयी प्रश्न आला तर असे प्रश्न रोखणारं साक्ष्य अधिनियमाचं कलम ४८ आणि १४९ चं परंतुक सरकारी वकिलांनी लगेच उभं राहून दाखवायचं असतं. तिथे बसलेल्या तुम्ही त्यांना आदल्या दिवशी आठवण करून द्यायची.

शेवटचा कागद बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: समरी. महाराष्ट्रात तपास बंद करताना तीन वर्ग करतात. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. ‘बी’ म्हणजे तक्रार खोटी आणि द्वेषानं केलेली. ‘सी’ म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. बाई दबावाखाली ‘मला तक्रार चालवायची नाही’ म्हणाली, की प्रकरण ‘बी’ किंवा ‘सी’त जाऊ शकतं, आणि उद्या कुणी ‘इतक्या टक्के तक्रारी खोट्या’ म्हणून टाळ्या घेतो तेव्हा ती त्या आकड्यात असते. माघार घेणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे, हे समरीवर उमटलं पाहिजे.

तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३ सांगतं. कळवलं नाही तर एक्याण्णवाव्या दिवशी लेखी विचारा. समरी मंजूर करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी तक्रारदाराला नोटीस देऊन ऐकून घ्यायचं असतं, हे १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून ठरलेलं आहे. नोटीस सासरच्या पत्त्यावर जाते आणि तिथेच जिरते, म्हणून पहिल्याच दिवशी फिर्यादीत माहेरचा किंवा संस्थेचा पत्रव्यवहाराचा पत्ता द्या. नोटीस आली की विरोध अर्ज करा: कोणता साक्षीदार तपासला नाही, कोणती वस्तू जप्त केली नाही, ते एकेक करून. नमुन्यातल्या प्रकरणात तो दूधवाला आणि ते उलथणं. पहिल्या दिवशीच्या शिक्का मारलेल्या निवेदनात दोन्ही असतील तर अर्जाचा मसुदा तासाभरात होतो.